पहिल्या श्वासाची तालीम

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांचं आणि लोकलमध्ये दांडीला लटकत हे वाचणाऱ्यांचं, दोघांचंही स्वागत.

आजचा भाग बाहुल्यांच्या इतिहासावर आहे. भातुकलीतल्या बाहुल्या मात्र नव्हेत. ज्यांच्यावर सुईणी, नर्स आणि डॉक्टर नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वाचवायचं शिकतात, त्या बाहुल्या. मी स्वतः डॉक्टर नाही. बीटेक केलं, कोड लिहितो, पगार घेतो. त्यामुळे उपचार कसे करायचे हे माझ्याकडून शिकू नका. माझा रस वेगळ्याच प्रश्नात आहे. खऱ्या माणसाची नक्कल बनवायला बसलं की काय काय ठेवायचं आणि काय गाळायचं? हा प्रश्न अडीचशे-पावणेतीनशे वर्षं लोक सोडवत आलेत आणि त्याच्या उत्तरावर अक्षरशः जीव अवलंबून आहेत.

आधी अडचण समजून घेऊ

बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव असतो. ऑक्सिजन नाळेतून येतो. जन्म झाल्यावर काही क्षणांत तो द्रव बाजूला सरून तिथे हवा शिरायला हवी. बहुतेक बाळं हे काम आपापलं करतात आणि टाहो फोडून जाहीरही करतात. पण १०० बाळांमधली साधारण १० बाळं अशी असतात, ज्यांना थोडी मदत लागते. त्यांतल्या बऱ्याच जणांना नीट पुसलं, पाठ चोळली की भागतं. १०० पैकी ३ ते ६ बाळांना मात्र तोंडावर मास्क धरून, पिशवी दाबून हवा द्यावी लागते. आपल्याकडे तिला सगळे अँबू बॅग म्हणतात. छाती दाबणं, औषधं देणं वगैरेची वेळ त्याहून फार कमी बाळांवर येते.

आता गणित करा. समजा एका आरोग्य केंद्रात महिन्याला १० बाळंतपणं होतात. म्हणजे पिशवी हातात घ्यायची वेळ साधारण दोन महिन्यांतून एकदा येणार. तीही न सांगता, बहुधा रात्री, आणि हातात वेळ किती? एक मिनिट. या पहिल्या मिनिटाला प्रशिक्षणात ‘सोनेरी मिनिट’ म्हणतात. क्वचित येणारं, अचानक येणारं आणि चुकायला जागा न देणारं काम माणसानं शिकावं कसं, हा आपला प्रश्न.

माझी आत्या नर्स होती, आता निवृत्त आहे. तिला विचारलं, “आत्या, तुम्ही हे सगळं कशावर शिकलात गं?”

ती म्हणाली, “कशावर म्हणजे? बघून. सिनियर सिस्टर करायच्या, आम्ही मागे उभ्या. मग एक दिवस त्या नसतात आणि बाळ तुझ्या हातात असतं.”

हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

भोपळा, कमळाचा देठ आणि कापडी माणूस

सरावासाठी नक्कल वापरायची ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे, ‘योग्यासूत्रीय’. योग्या म्हणजे सराव. छेद घ्यायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर शिका, शीर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरा किंवा कमळाचा देठ घ्या, शिवणं कापडावर आणि मऊ कातड्यावर करा, आणि पट्ट्या बांधायला चक्क माणसाच्या आकाराचा पुतळा वापरा, असं तिथे सांगितलंय. कितीही पाठांतर असलं तरी सराव न केलेला माणूस कामाला लायक नाही, हेही तिथे स्पष्ट म्हटलंय.

गंमत बघा. कोहळा माणसासारखा अजिबात दिसत नाही. पण सुरी किती दाबली की किती खोल जाते, हे तो शिकवतो. शिरेसाठी कमळाचा देठ का? तर तो आतून पोकळ. प्रत्येक कामाला वेगळी नक्कल आणि प्रत्येक नकलेत फक्त त्या कामापुरतं साम्य. हा विचार आज एखाद्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये मांडला तरी लोक माना डोलावतील.

मादाम द्यु कुद्रेचं ‘यंत्र’

आता थेट अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जाऊ. पॅरिसमध्ये शिकलेली एक सुईण होती, अँजेलिक मार्गरीत ल बुर्सिए द्यु कुद्रे. नाव लांबलचक आहे, आपण मादाम द्यु कुद्रे म्हणू. ती ओव्हेर्न्य या खेड्यापाड्यांच्या भागात बायकांना शिकवायला गेली. तिथल्या बऱ्याच सुईणींना वाचता येत नव्हतं. पुस्तकातून शिकवायची सोय नाही, आणि शिकवण्यासाठी बाळंतपण मागवता येत नाही. मग तिनं एक वस्तू बनवली आणि तिला नाव दिलं ‘यंत्र’.

कापड, चामडं आणि आत ठासून भरलेलं सारण यांचं हे यंत्र म्हणजे बाईच्या कमरेचा खऱ्या मापाचा भाग होता. असं एक यंत्र आजही रुआँ शहरातल्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात आहे. त्याचा एक्स-रे काढला तेव्हा आत खरी हाडं दिसली. बाळ जिथून बाहेर येतं तो मार्ग हाडांनी ठरतो, म्हणून बाईंनी तिथे तडजोड केली नाही. सोबत कापडाचं बाळ, कापडाची नाळ, कापडाची वार. जुळ्यांची जोडीसुद्धा होती. रक्त आणि गर्भजल दाखवायला रंगीत आणि स्वच्छ पाण्यात भिजवलेले स्पंज वापरायची सोय होती.

आणि त्या बाळाचं तोंड! ते उघडं आहे, आत जीभ शिवलेली आहे आणि बोट काही सेंटिमीटर आत जाऊ शकतं. केस मात्र शाईनं नुसते रंगवलेले. असं का? कारण पायाळू बाळाचं डोकं अडकलं तर सुईणीला बाळाच्या तोंडात बोट घालून डोकं खाली वाकवून घ्यावं लागे. केसांशी सुईणीला काही काम नाही, म्हणून तिथे शाई चालते. तोंडात बोट जाणार आहे, म्हणून तिथे पोकळी हवी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसलो. २५० वर्षांपूर्वी या बाईनं वापरणाऱ्याच्या हातापासून सुरुवात करून उलट दिशेनं डिझाइन केलं होतं.

१७५८ मध्ये पॅरिसच्या शल्यचिकित्सकांच्या राजमान्य अकादमीनं या यंत्राला मान्यता दिली. १७५९ मध्ये पंधराव्या लुईनं तिला देशभर फिरून शिकवण्याचा परवाना दिला. राजाला अचानक सुईणींची काळजी वाटू लागली असं समजू नका. लढाया चालू होत्या आणि देशाची लोकसंख्या घटतेय अशी धास्ती दरबारात होती. प्रत्येक मेलेलं बाळ म्हणजे एक कमी शेतकरी, एक कमी सैनिक, असा तो हिशेब. त्या हिशेबातून का होईना, बाई निघाल्या आणि पुढची सुमारे २५ वर्षं गावोगाव फिरल्या. हजारो बायकांनी त्यांच्याकडे शिकून घेतलं. एका गावातला वर्ग साधारण दोन-तीन महिने चाले आणि बायका त्या यंत्रावर पुन्हा पुन्हा हात बसवत. त्या स्थानिक सर्जन लोकांनाही शिकवत, म्हणजे बाई पुढच्या गावी गेल्या तरी यंत्र आणि शिकवणारा माणूस मागे राहायचा. १७९४ मध्ये बोर्दो शहरात त्या वारल्या.

ही शेवटची गोष्ट मला यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. नुसती वस्तू पाठवून दिली असती तर ती एखाद्या सरकारी कपाटात गेली असती. तिच्यामागे सरावाची शिस्त आणि शिकवणारी माणसं उभी केली, म्हणून ती चालली.

खेळणीवाल्याची ॲन

पुढचा टप्पा नॉर्वेत, स्टाव्हांगर या गावात. ओस्मुंड लेर्दाल नावाचे गृहस्थ खेळणी बनवायचे. मऊ प्लॅस्टिक नवीन आलं होतं आणि त्यांच्या ‘ॲन’ नावाच्या बाहुलीचा चांगला खप होता. १९५० च्या दशकात त्यांचा लहान मुलगा तोरे पाण्यात बुडता बुडता वाचला.

त्याच सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये पीटर सफार हे डॉक्टर तोंडानं श्वास देण्याची पद्धत सिद्ध करत होते. कशावर? जिवंत स्वयंसेवकांवर. त्यांना गुंगीचं औषध देऊन, स्नायू शिथिल करून श्वास थांबवायचा आणि मग दुसऱ्यानं तोंडानं श्वास द्यायचा. प्रयोग म्हणून ठीक, पण सगळ्या जगाला असं शिकवणार कसं? लेर्दाल यांना विचारणा झाली आणि १९६० मध्ये ‘रेससी ॲन’ ही आदमकद बाहुली आली. मान मागे केली तरच हवेचा मार्ग उघडतो आणि हवा गेली की छाती वर येते, हा तिचा गाभा. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी तरुणीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून घेतला होता.

मोठ्या माणसाची सोय अशी झाली. नवजात बाळाचं काय? १९५२ मध्ये व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी जन्मलेल्या बाळाला गुण देण्याची पद्धत मांडली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला ० ते २ गुण. त्यामुळे सगळ्यांची नजर बाळाकडे वळली. पण हात तयार व्हायचे राहिलेच होते. डॉक्टर लोक श्वासनलिकेत नळी घालायचा सराव कित्येक वर्षं मांजरीच्या पिल्लांवर किंवा दगावलेल्या बाळांवर करत. किंवा आत्या म्हणाली तसं, सरळ खऱ्या बाळावर. पहिला प्रयत्न कुणाच्या तरी लेकरावर होणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

१९८७ मध्ये अमेरिकेत नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचा देशव्यापी अभ्यासक्रम सुरू झाला. १९९० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये लुईस हॅलामेक यांनी खरी प्रसूतिखोली वाटावी अशा जागेत, पूर्ण टीम उभी करून सराव घ्यायला सुरुवात केली. विमानाचे पायलट सिम्युलेटरमध्ये शिकतात, तसं. मग बाहुल्याही हुशार होत गेल्या. निळी पडणारी, रडणारी, ठोके ऐकवणारी. व्हिएन्नात बनलेली ‘पॉल’ नावाची बाहुली २७ आठवड्यांच्या, जेमतेम एक किलोच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नक्कल आहे. ज्या अतिदक्षता कक्षात असं बाळ येतं, तिथल्या टीमला तिचा खरोखर उपयोग आहे, कारण तिथे बोटभर रुंदीच्या चेहऱ्यावर काम करायचं असतं.

पण जगातली बहुतेक बाळं अशा कक्षांपासून फार लांब जन्मतात.

पाण्यानं भरलेलं बाळ

२०१० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं आणि इतर संस्थांनी मिळून गरीब देशांसाठी ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी लेर्दाल यांच्याच कंपनीनं, म्हणजे बुडता बुडता वाचलेल्या त्या तोरेच्या देखरेखीखाली, ‘निओनॅटली’ ही बाहुली बनवली.

आता नीट लक्ष द्या, कारण हे डिझाइन मला फार आवडलंय. ती रिकामी असताना घडी करून पिशवीत मावते. वापरायच्या वेळी आत कोमट पाणी भरायचं. पाण्यामुळे खऱ्या बाळासारखं वजन येतं, ऊब येते आणि मान लुळी पडते. वीज नाही, बॅटरी नाही. दोन रबरी फुगे आहेत. एक दाबला की छाती हलते, दुसरा दाबला की नाळेत ठोके लागतात. ते फुगे शेजारी बसलेल्या सहकाऱ्याच्या हातात. म्हणजे ‘बाळ रडायला लागलं का’ हे ती ठरवते, आणि ते ठरवताना आपण काय केलं की बाळात काय बदल होतो, हे तीही शिकते. मान बरोबर ठेवली आणि मास्क घट्ट बसला तरच पिशवीच्या हवेनं छाती वर येते. मास्क जरा जरी तिरका असेल तर बाजूनं हवा जाते आणि छाती ढिम्म. सोबत तोंडातला स्राव ओढायला पेंग्विनच्या आकाराचं साधन, जे उकळून पुन्हा वापरता येतं. बाहुली सावळ्या रंगातही मिळते.

चेहरा बघाल तर साधाच आहे, डोळे हलत नाहीत. मादाम द्यु कुद्रेच्या बाळाचे केस आठवतात ना? तोच विचार. जिथे हात आणि नजर जाणार, तिथे खरेपणा ठेवायचा. बाकी ठिकाणी पैसे वाचवायचे.

मग टांझानियात काय झालं?

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. चांगली बाहुली आली, सगळे शिकले, बाळं वाचली. टांझानियातल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा कार्यक्रम आल्यावर जन्मानंतर २४ तासांतले मृत्यू ४७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. जबरदस्त आकडा.

पण त्याच देशातल्या हायडोम या ग्रामीण रुग्णालयातून त्याच वर्षी दुसरा निष्कर्ष आला. तिथे लोकांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं होतं. सात महिन्यांनी बाहुलीवर परीक्षा घेतली, तर सगळे आधीपेक्षा छान करत होते. मग प्रसूतिखोलीत खऱ्या बाळांबाबत काय केलं ते तपासलं. तिथे फरकच नाही! परीक्षेत पास आणि कामात जैसे थे.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. सगळ्या टेस्ट हिरव्या आणि लाइव्ह गेल्यावर सिस्टिम झोपलेली. फक्त आमच्याकडे रात्रीतून जुनं व्हर्जन परत लावता येतं. इथे नाही.

मग हायडोमच्या लोकांनी नवी बाहुली मागवली नाही. आहे तीच बाहुली प्रसूतिखोलीजवळ ठेवली आणि दर आठवड्याला ३ ते ५ मिनिटं सराव सुरू केला. जाता-येता, ड्युटीच्या मधे. महिन्यातून एकदा जरा लांब उजळणी. परिणाम असा की २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. आणखी एक गोष्ट दिसली. पिशवीनं हवा द्यावी लागणाऱ्या बाळांचं प्रमाणही कमी झालं. पुसणं आणि पाठ चोळणं जास्त बाळांच्या बाबतीत होऊ लागलं होतं, त्यामुळे बरीच बाळं तेवढ्यानंच श्वास घेऊ लागली असणार.

बाहुली तीच, माणसं तीच, रुग्णालय तेच. बदललं ते कॅलेंडर.

आपल्या आसपास

आपल्या शेजारचंच बेळगाव घ्या. तिथल्या संशोधकांनी कर्नाटकातल्या ग्रामीण आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत ५९९ जणांना हेच प्रशिक्षण दिलं. मृत जन्मांचं प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. हे विचार करायला लावतं. ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून नोंदलेल्या काही बाळांना मुळात कुणी श्वास द्यायचा प्रयत्नच केला नव्हता, असा त्याचा एक अर्थ निघतो. मात्र नवजात बाळांचं मृत्यूचं प्रमाण त्या अभ्यासात बदललं नाही, हेही सांगायला हवं. पहिला श्वास मिळाला तरी पुढचे २८ दिवस असतातच.

त्या २८ दिवसांचं उत्तर शोधायचं तर गडचिरोलीला जावं लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना, आरोग्यदूत म्हणून, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा द्यायलाही शिकवलं. तिथे तोंडानं श्वास देण्यापासून नळी-मास्क आणि मग पिशवी-मास्क असा प्रवास झाला. तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

याच संस्थेनं निरक्षर सुईणींसाठी श्वास मोजायचं एक साधन बनवलं होतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरावीक मण्यांच्या पुढे गेलं तर बाळाला न्यूमोनिया असू शकतो. साठपर्यंत मोजता येत नाही ना, मग दहापर्यंत मोज. सुईणीला जे येतं तिथून सुरुवात. मादाम द्यु कुद्रे आणि सुश्रुत दोघांनाही हे लगेच पटलं असतं.

पुढे २००९ मध्ये भारत सरकारनं ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू केला आणि २०११ पासून आशाताई घरी येऊन बाळ बघू लागल्या. म्हणजे प्रशिक्षण आहे, बाहुल्याही आहेत. पण हायडोमचा धडा आपण घेतलाय का? प्रशिक्षण झालं, सर्टिफिकेट मिळालं, फोटो निघाला. त्यानंतर बाहुली कुठे असते? टेबलावर, की कुलूप लावलेल्या कपाटात, “खराब होईल” म्हणून?

आत्याला मी ही सगळी गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दर आठवड्याला पाच मिनिटं? एवढंच? आम्ही चहाला जास्त वेळ काढायचो रे.”

तर मंडळी, या भागाचा गृहपाठ. तुमच्या घरात, ओळखीत कुणी नर्स असेल, प्रसूतिगृहात काम करणारं असेल, तर त्यांना एकच विचारा. बाहुलीवर शेवटचा हात कधी ठेवला होता? तारीख सांगता आली तर माझ्यातर्फे एक कडक सलाम. आठवत नसेल तर बोलणं तिथेच थांबवू नका. पुढचं विचारा, त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.